न बोललेलं वाक्य
(मिहानमधल्या कामगार पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण)



नागपूरला समुद्र नाही, तरी मी डॉकवर कामाला आहे. मिहानमधल्या गोदामाच्या ज्या फलाटाला ट्रक पाठमोरा लागतो, त्याला इथं डॉक म्हणतात. तिथं मी बोजे उतरवतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. अशा माणसानं तर्कावर काय बोलावं, असं कुणी विचारील. त्या प्रश्नातच एक वाक्य दडलंय: डोकं फक्त डिग्रीवाल्याला असतं. अशी दडलेली वाक्यं आज पकडायचीत.

माझ्याच डॉकवरची गोष्ट. नगांचा हिशेब लिहायला माणूस पाहिजे होता. मी मुकादमाला म्हटलं, मला घ्या. तो म्हणाला, "तुह्या बापानं बोजेच वायले. तुले पेन कायले पायजे?" सगळे हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून गेली नाही.

रात्री ते वहीत मांडलं. पहिलं वाक्य: बापानं बोजे वाहिले. खरंय. शेवटचं: पोराला पेन नको. पण पहिल्यावरून शेवटच्यावर उडी कशी मारली? मधला पूल मुकादम बोललाच नाही: बापाचं काम तेच पोराचं काम.

आता त्याला उलटं करा. बापाचं काम पोराला चिकटत नाही, असं धरा. मुकादमाचं म्हणणं धाडकन कोसळतं. जे उलटं केलं की सगळं कोसळतं, तेच दडलेलं गृहीत. बापानं बोजे वाहिले की नाही यावर मी भांडलो असतो तर हरलो असतो. घाव पुलावर घालायचा.

बाबासाहेबांनी हेच केलं. 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं. मंडळानं सभा रद्द केली. बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. जातीचे वकील म्हणत: सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते, जात म्हणजे श्रमविभागणीच, म्हणून जात हवी. बाबासाहेब श्रमविभागणीशी भांडत बसले नाहीत. कामं वाटणं वेगळं आणि कामगारांनाच जन्मावरून उतरंडीत वाटणं वेगळं, हे त्यांनी दाखवलं. पूल गेला.

आता पायाखालची जमीन बघा. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही अशा गावांतली शेतं गेली. ते काम सुरू झालं तेव्हा देशात 1894 चा भूसंपादन कायदा चालू होता. त्याचा हिशेब सोपा: मालकाला मोबदला दिला, म्हणून नुकसान भरलं. दडलेलं वाक्य: ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचं काही गेलंच नाही. मग त्या शेतात निंदण करणाऱ्या बाईचा रोज कुठं गेला? 2013 च्या कायद्यानं भूमिहीन शेतमजुरालाही बाधित कुटुंबात धरलं. अट एवढीच की संपादनाआधी तीन वर्षं तो तिथं राबत असावा आणि त्याचं पोट त्यावर असावं. भूसंपादनाच्या कायद्यात ते वाक्य उघडं पडायला 119 वर्षं गेली.

पण दुसऱ्याचेच खिसे तपासू नका. आपण म्हणतो, उमेदवार आपला आहे, म्हणून मत त्यालाच. दडलेलं वाक्य: आपल्या जातीचा तो आपल्या कामाचा. उलटं करून बघा, किती चेहरे आठवतात! आपण म्हणतो, बैठक रात्रीची आहे, म्हणून बहिणींना सांगितलं नाही. दडलेलं वाक्य: वेळ पोरांच्या सोयीनंच ठरायची. आज इथं बाया किती आहेत, मोजा. ही वेळ ठरवणाऱ्यांत मीही होतो.

कुणी 'म्हणून' म्हटलं की थांबा. आधी काय गिळलं ते विचारा. आपल्या माणसालाही विचारा.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, "बापाचं काम पोरानंच करायचं, हे कुणी ठरवलं?" त्यानं उत्तर दिलं नाही. पेनही दिलं नाही. बोजा अजून खांद्यावर आहे. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

जय भीम.