हुकूम आणि पोच : मल्टिव्ह्यूअरशी अक्षरांतून होणारा व्यवहार
(अध्यक्षीय भाषण, खातीपुरा, जयपूर)

मल्टिव्ह्यूअर म्हणजे अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकाच पडद्यावर चौकटी पाडून दाखवणारे यंत्र. चार, नऊ किंवा सोळा चित्रे आत येतात, बाहेर एकच जाते. मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्या काळात प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा मॉनिटर लागे आणि निर्मात्यापुढे जडशीळ काचेच्या डब्यांची भिंत उभी राही. आज ती भिंत एका पडद्यात मावते. मात्र जागेचा हिशेब चुकत नाही. 1920 बाय 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर सोळा चौकटी पाडल्या की एकीच्या वाट्याला 480 बाय 270 ठिपके येतात. एवढ्यात माणूस ओळखू येतो, फोकस नेमका आहे की नाही ते कळत नाही. म्हणून बहुतेक यंत्रांत ‘सोलो’ची सोय असते : हवी ती चौकट घटकाभर पूर्ण पडद्यावर आणायची आणि काम झाले की परत सोळांत मिसळायची.

ही अदलाबदल यंत्राच्या दर्शनी बटनांवरून करता येते. अडचण अशी की यंत्र असते रॅकमध्ये, रॅक असतो मंडपामागे, आणि चित्र पाहणारा बसतो तिसरीकडेच.

याचे उदाहरण इथलेच घेऊ. खातीपुरा हे नाव खातींची, म्हणजे सुतारांची, आठवण देते. राजस्थानी लग्नात नवरदेव वधूच्या दारावरच्या लाकडी तोरणाला तलवारीने किंवा काठीने स्पर्श करतो; ते तोरण घडवणे हे परंपरेने खातींचेच काम. खातीपुऱ्याच्या तिठ्याहून पुढे सिरसी रोडला लागले की मॅरेज गार्डनची रांग सुरू होते. अशा एखाद्या बागेतले लग्न डोळ्यांपुढे आणावे. एक कॅमेरा फाटकावर, दोन स्टेजवर, एक क्रेनवर, एक हातात, एक ड्रोनवर. सगळ्यांची चित्रे मिक्सरला आणि मल्टिव्ह्यूअरला, मिक्सरमधून निवडलेले चित्र एलईडी भिंतीवर. तोरणाचा क्षण दोन-तीन सेकंदांचा. फाटकावरचा कॅमेरा त्या आधी सोलोत घेऊन फोकस तपासायचा असतो. मंडपामागे धावत जाऊन बटन दाबायला तेव्हा सवड नसते. टेबलावरच्या लॅपटॉपने केबलमधून एक ओळ पाठवायची आणि मल्टिव्ह्यूअरने ती ऐकायची, हा त्यावरचा उपाय.

ती ओळ दोन वाटांनी जाते. जुनी वाट सिरियलची. आरएस-232 हे मानक 1960 मधले, आणि व्हिडिओच्या धंद्यात ते अजून कामावर आहे. त्याला तीन तारा पुरतात : पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची. एकाची पाठवण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या पिनेला जोडायची, एवढे पथ्य. सरळ केबल हवी की उलटी, या एका प्रश्नावर जितक्या संध्याकाळी वाया गेल्या असतील तितक्या दुसऱ्या कशावरही गेल्या नसतील. त्यानंतर दोन्ही टोकांचा वेग जुळावा लागतो. 9600 बॉड (म्हणजे सेकंदाला तेवढे बिट), आठ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखण्याचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट, ही सर्वांत रुळलेली जुळणी. सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरे. वीस अक्षरांचा हुकूम सुमारे 21 मिलिसेकंदांत पोचतो. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असल्यामुळे ही जुनी संथ तारही एका फ्रेमच्या आत निरोप देते. वेग जुळला नाही तर लॅपटॉपच्या पडद्यावर चित्रविचित्र चिन्हे उमटतात. काहीच उमटले नाही तर दोष केबलचा, कचरा उमटला तर वेगाचा, असा ढोबळ ठोकताळा कामाला येतो. आरएस-232 पंधरा मीटरपर्यंत भरवशाचे. त्यापुढे आरएस-422 घ्यावे. त्यात प्रत्येक संकेत दोन तारांच्या फरकाने जातो, आणि वेग बेताचा ठेवला तर 1200 मीटरची मजल मारतो.

दुसरी वाट नेटवर्कची. इथे केबलची लांबी आणि बॉडचा वेग हे प्रश्न मिटतात, त्यांच्या जागी आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक येतात. ब्लॅकमॅजिक कंपनीचे व्हिडिओहब राउटर आणि मल्टिव्ह्यू यंत्रे 9990 या पोर्टवर ऐकतात. एक्स्ट्रॉन कंपनीची यंत्रे टेलनेटच्या 23 वर. पत्ता कायमचा नेमून द्यावा. आपोआप मिळणारा पत्ता जनरेटर बंद पडून पुन्हा सुरू झाला की बदलू शकतो, आणि मग लॅपटॉप रिकाम्या घराचे दार ठोठावत बसतो.

वाट कोणतीही असो, बोलण्याला व्याकरण लागते. एक पद्धत अतिसंक्षेपाची. एक्स्ट्रॉनच्या मॅट्रिक्स स्विचरला (कोणताही इनपुट कोणत्याही आउटपुटला जोडणारे यंत्र) ‘1’, तारांकन, ‘4’, उद्गारचिन्ह एवढी चार चिन्हे पाठवली की पहिल्या इनपुटचे चित्र आणि आवाज चौथ्या आउटपुटला जातात. उद्गारचिन्हाऐवजी टक्क्याची खूण दिली तर फक्त चित्र जाते. स्विचर उत्तरात ‘आउट 4, इन 1, ऑल’ असे म्हणतो. चूक असेल तर चुकीचा क्रमांक सांगतो : ‘ई 01’ म्हणजे असा इनपुट नाही, ‘ई 10’ म्हणजे हा हुकूमच कळला नाही. हात बसला की ही पद्धत झपाट्याची, पण सहा महिन्यांनी जुनी फाइल उघडणाऱ्याला ती तारेच्या सांकेतिक भाषेसारखी वाटते.

दुसरी पद्धत ऐसपैस. व्हिडिओहबच्या बोलीत मजकूर परिच्छेदांत जातो. पहिल्या ओळीत शीर्षक, ‘व्हिडिओ आउटपुट राउटिंग’ आणि विसर्गासारखी दोन टिंबे. खालच्या ओळीत ‘0 5’. मग एक कोरी ओळ. यंत्राला हे रोमन अक्षरांतच द्यावे लागते, इथे नागरीत फक्त उच्चार दिला आहे. अर्थ असा : शून्य क्रमांकाच्या आउटपुटला पाच क्रमांकाचा इनपुट द्या. मोजणी शून्यापासून असल्यामुळे हा खरे तर पहिल्याला सहावा. कॅमेऱ्यांच्या पाठीवर एकपासून आकडे चिकटवलेले आणि हुकूम शून्यापासून, या एका फरकाने फाटकाऐवजी क्रेनचे चित्र पुढे आलेले अनेकांनी पाहिले असेल. मल्टिव्ह्यूत प्रत्येक चौकट आउटपुटसारखीच मोजली जाते, त्यामुळे हीच ओळ चौकटीतले चित्र बदलते. चौकटींची मांडणी, सोलो, नावे दिसावीत की नाही, आवाजाचे मीटर हवेत की नको, हे ‘कॉन्फिगरेशन’ शीर्षकाखाली येते. कोरी ओळ हा परिच्छेदाचा शेवट. ती राहून गेली तर यंत्र गप्प बसते, कारण त्याच्या मते बोलणारा अजून बोलतोच आहे.

ओळ कशी संपवायची हाही मामला टेलिप्रिंटरच्या जमान्यातून आलेला. ‘कॅरेज रिटर्न’ म्हणजे गाडी डावीकडे परत, हा 13 क्रमांकाचा संकेत. ‘लाइन फीड’ म्हणजे कागद एक ओळ वर, हा 10 क्रमांकाचा. काही यंत्रांना पहिला पुरतो, काहींना दुसरा, काहींना दोन्ही लागतात. डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत. हुकूम शब्दशः बरोबर, केबल बरोबर, तरी यंत्र ढिम्म, अशा वेळी संशयाची सुई आधी इकडे वळवावी.

आता पोच. हुकूम सुटला म्हणजे काम झाले, ही समजूत या साऱ्या विषयातली सर्वांत महाग चूक आहे. व्हिडिओहबच्या बोलीत नीट समजलेल्या परिच्छेदाला ‘अ‍ॅक’ अशी पोच येते, न समजलेल्याला ‘नॅक’ असा नकार. पोच येते ती ‘ऐकले’ एवढ्याचीच. बदल खरोखर झाला याची खबर वेगळी येते : यंत्र बदललेल्या ओळी पुन्हा पाठवते, आणि त्या फक्त हुकूम देणाऱ्याला नव्हे, जोडलेल्या सगळ्यांना. जोडणी होताच यंत्र स्वतःची आवृत्ती, नावे आणि त्या घडीची सगळी जोडाजोड सांगून मोकळे होते, तेही याचसाठी. लॅपटॉपवरच्या बटनाचा दिवा हुकूम सुटल्यावर पेटवायचा नाही, यंत्राकडून खबर आल्यावर पेटवायचा. हा नियम पाळला नाही तर मंडपामागे कुणी हाताने बटन दाबले की लॅपटॉप ‘फाटक’ म्हणत राहतो आणि चौकटीत स्टेज दिसत असते. दोन माणसे मग एकमेकांना दोष देतात; चूक दिवा कधी पेटवायचा ते ठरवणाऱ्याची असते.

टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कच्या वाटेवर, आणखी एक गोम आहे. तिथे मजकूर नळाच्या पाण्यासारखा येतो, घागरींसारखा नाही. एका वाचनात अर्धाच परिच्छेद हाती लागू शकतो किंवा अडीच एकदम. आलेले साठवत राहायचे आणि कोरी ओळ दिसली की तेवढा तुकडा कापून घ्यायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी करावे. टेबलावरच्या चाचणीत सगळे अखंड येते आणि गर्दीच्या नेटवर्कवर फाटते, म्हणून हा दोष नेमका लग्नाच्या रात्री उघडा पडतो.

पोच आलीच नाही तर? ठराविक वेळ थांबून हुकूम पुन्हा द्यायचा. पण पुन्हा देण्यासारखा हुकूम कोणता याचा विचार आधी हवा. ‘शून्याला पाच द्या’ हे दहा वेळा सांगितले तरी परिणाम एकच. ‘पुढची मांडणी दाखवा’ हे दोनदा पोचले तर पडदा दोन पायऱ्या पुढे जातो. पोच वाटेत हरवली होती की हुकूमच, हे पाठवणाऱ्याला कधी कळत नाही. म्हणून जिथे निवड असेल तिथे ‘बदला’पेक्षा ‘असे करा’ या घाटाचा हुकूम निवडावा.

काही बोली मुळातच एकतर्फी असतात. चौकटीखालचे नाव आणि टॅलीचा (कोणता कॅमेरा वापरात आहे ते सांगणारा) दिवा यांसाठी टीएसएल कंपनीची 3.1 ही बोली सर्रास चालते. तिचा निरोप 18 बाइटचा : पहिल्यात 128 अधिक चौकटीचा क्रमांक, दुसऱ्यात दिवे आणि उजेड, उरलेल्या 16 मध्ये नाव. ही निव्वळ वाचनीय अक्षरे नव्हेत, आणि यंत्राकडून उत्तरही येत नाही. 38400 बॉड आणि सम पॅरिटी धरता एक निरोप सुमारे पाच मिलिसेकंदांत जातो, तेव्हा सगळीच नावे थोड्या थोड्या वेळाने परत पाठवत राहणे हाच पोच नसण्यावरचा उतारा.

साध्या अक्षरांतल्या हुकमाचा मोठा गुण म्हणजे तो माणसाला वाचता येतो. कुठलाही टर्मिनल प्रोग्रॅम उघडून हाताने टाइप करून यंत्राची नाडी पाहता येते, आणि वेळेसह नोंद ठेवली तर भांडणाचा निकाल दुसऱ्या दिवशी कागदावर लागतो. अवगुणही तोच. यांपैकी बऱ्याच यंत्रांना पासवर्ड ठाऊक नसतो; ज्याला पोर्ट सापडला तो मालक. नियंत्रणाचे नेटवर्क पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळे ठेवण्यात आळस करू नये.

राहिला मराठीचा आणि हिंदीचा प्रश्न, नागरी नावांचा. टीएसएल 3.1 च्या 16 जागांत फक्त साधी रोमन अक्षरे, आकडे आणि खुणा बसतात. नागरीला तिथे थाराच नाही. पाचव्या आवृत्तीत युनिकोडची मुभा आहे. ‘स्वागतद्वार’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा, पण यंत्राच्या लेखी 11 संकेतांचा. यूटीएफ-8 मध्ये 33 बाइट, पाचवी आवृत्ती वापरते त्या यूटीएफ-16 मध्ये 22. बाइट पोचले तरी जोडाक्षर जुळवणारा फॉन्ट यंत्रात असला पाहिजे, नाहीतर ‘स्वा’च्या जागी पाय मोडका ‘स्’ आणि सुटा ‘वा’ शेजारी शेजारी उभे राहतात, किंवा नुसत्या रिकाम्या चौकोनांची रांग. अशा यंत्रावर नाव आधीच्या टप्प्यात, चित्रातच, टायटल म्हणून उमटवावे आणि मल्टिव्ह्यूअरची नावाची पट्टी बंद ठेवावी. नाव तेव्हा चित्राबरोबरच हलते. कॅमेरा कोणत्याही चौकटीत गेला तरी ‘तोरण’ ही अक्षरे त्याच्याखालीच राहतात.