मेंदूची लहर की पापणीची?

माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची पहिली नोंद जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केली. आज नवा संशोधक पुस्तके वाचून त्या यंत्रापुढे बसतो आणि पडद्यावर मोठी लाट दिसली की हरखतो. ती असते पापणी लवल्याची! पापणीची लाट शंभर मायक्रोव्होल्टच्या घरात. विचाराची, तीही अनेक नोंदींची सरासरी काढल्यावर, जेमतेम पाच-दहा.

हे हाताखालून गेल्याशिवाय उमगत नाही. म्हणून कार्यशाळा. अमेरिकेत स्टीव्हन लक यांनी २००७ मध्ये सुरू केलेला ‘ईआरपी बूट कॅम्प’ त्यांतला नावाजलेला. अशा ठिकाणी एकाने तारांची टोपी घालायची, दुसऱ्याने बोथट सुईने त्यात जेल भरायचे. डोक्याला तेल लावून येऊ नका, ही सूचना आधीच असते. आपल्याकडे ती दोनदा द्यावी लागेल. मग मुद्दाम दात आवळायचे, पापण्या मिटायच्या आणि कोणती लाट कशाची ते ओळखायचे.

खरी कसोटी पुढच्या आकडेमोडीत. स्कॅनरचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली. मेंदूतले हजारो ठिपके एकदम तपासताना योगायोगाने काही उजळतातच. त्यासाठीची दुरुस्ती वगळली, तर माशाचा मेंदूही ‘जागा’ दिसला. केली, तर काही नाही.

जिथे हे दाखवणारे वडीलधारे कोणी नाही, तिथल्या विद्यार्थ्यांची कित्येक वर्षे अशा चुकीत जाऊ शकतात. निदान हा भाग तरी यंत्राविना शिकवता येतो. इतरांनी खुल्या केलेल्या नोंदी आता मोफत मिळतात.