आधी ड्राइव्हमध्ये घालू नका

अभ्यासक ज्याला कऱ्हाड ताम्रपट म्हणतात, तो राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा. शके 880चा, म्हणजे इ.स. 959चा. मेलपाटीला छावणी असताना राजानं गगनशिव या शैव आचार्याला गाव दान दिलं, त्याची ही नोंद. लिपी येणारा माणूस आजही ती नुसत्या डोळ्यांनी वाचतो. 1990 सालच्या संगणकाच्या बॅकअपचं तसं नाही. त्याला यंत्र लागतं, आणि यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं असतं.

मी बोलतोय पाव इंची टेपच्या कार्ट्रिजबद्दल. थ्रीएम कंपनीनं ती 1972 साली आणली. ज्यांच्याकडे युनिक्सची यंत्रं होती, त्यांच्या कपाटात डीसी 600, डीसी 6150 असं छापलेल्या, ॲल्युमिनियमच्या तळाच्या या डब्या अजून निघतात. एकीत साधारण 60 एमबी, दुसरीत 150. मोबाइलवरचा एक बऱ्यापैकी व्हिडिओ त्यात मावणार नाही, पण संस्थेची वर्षभराची खाती मावत.

आत डोकावलं तर दोन रिळांना बाहेरून बिलगून फिरणारा एक पातळ ताणपट्टा दिसतो. ड्राइव्हची मोटार रिळं फिरवतच नाही. ती फिरवते कार्ट्रिजमधलं चाक. चाक पट्ट्याला ओढतं, पट्टा टेपला. खरी मेख इथंच आहे. वर्षं उलटली की पट्टा ताण सोडतो, तुटतो, नाहीतर टेपला चिकटून बसतो. मग कुणीतरी उत्साही माणूस "बघू तरी चालते का" म्हणून ती ड्राइव्हमध्ये सरकवतो. मोटार हिसका देते आणि चिकटलेला पट्टा टेपवरचा चुंबकीय थर सोलून काढतो. जुन्या ड्राइव्हचा रबरी रोलरही काकवीसारखा पाघळलेला असतो, तो आणखी घाण करतो. त्यात या टेपचं टोक रिळाला बांधलेलंच नसतं. टोकाजवळची भोकं पाहून ड्राइव्ह थांबतो. सेन्सरवर धूळ असली की टेप रिळावरून सुटलीच.

म्हणून आधी तळाचे स्क्रू काढायचे, मेलेला पट्टा अलगद सोडवायचा आणि दुसऱ्या धडधाकट कार्ट्रिजचा चढवायचा. कार्ट्रिजवरचा बाण 'सेफ'कडे वळवायचा, म्हणजे वर काही लिहिलं जाणार नाही. मग एकदाच वाचून पूर्ण प्रत घ्यायची. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर. कुणी चिकट झालेली टेप ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला देईल. उघड्या रिळांच्या काही टेपांना तो लागू पडतो, पण इथं प्लास्टिक आणि पट्टा आहे. घरच्या ओव्हनच्या नादी लागू नका.

एवढं करून मराठी मजकूर निघाला तरी पडद्यावर अगम्य खुणाच दिसतात, कारण तेव्हा प्रत्येक फॉन्टचं गणित वेगळं. मजकूर इस्की या भारतीय मानकात असेल तर नशीब. युनिकोडची देवनागरी त्याच्याच आराखड्यावर बेतलेली असल्यानं रूपांतर सोपं जातं.

नासाच्या लूनार ऑर्बिटर यानांनी 1966-67 मध्ये पाठवलेली चंद्राची चित्रंही अशीच टेपवर पडून होती. नासाच्या अभिलेखपाल नॅन्सी इव्हान्स यांनी ती वाचणारी ॲम्पेक्सची यंत्रं स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली, म्हणून 2008 पासून चित्रं परत मिळवता आली. हे कामही झालं मॅक्डोनाल्ड्सच्या बंद पडलेल्या हॉटेलात बसून.

तुमच्यापैकी कुणी त्या काळी संगणक विभागात असाल, तर एक कागद घ्या. यंत्र कोणतं होतं, बॅकअप टार आज्ञेनं घेतला की सीपीआयओनं, मराठी कशात टाइप व्हायचं, एवढं लिहून कार्ट्रिजसोबत ठेवा. आणि जुना ड्राइव्ह दिसला तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका.