शोध घेणाऱ्या कंपनीकडून लाभांश कधी?



शेअरविषयी बोलणं निघालं की निवृत्तीला आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा लाभांशाचा असतो. तो रास्तच आहे. पेन्शनला जोड हवीच. पण सोन्याचा भाव चढल्यापासून आणि लिथियमचं नाव सारखं बातम्यांत येऊ लागल्यापासून हाच प्रश्न खनिजांचा शोध घेणाऱ्या छोट्या कंपन्यांबद्दलही विचारला जातो. “शेअर स्वस्त आहे, घेऊन ठेवू, पुढे लाभांश सुरू होईलच.” या ‘होईलच’ची मला काळजी वाटते.

अशी कंपनी करते काय ते आधी पाहू. रानात ड्रिलिंगचं यंत्र उभं असतं. हिऱ्याचे कण बसवलेलं त्याचं पातं खडक कापत खाली उतरतं आणि पोकळ नळीतून दगडाच्या गोल कांड्या वर येतात. त्या लांबट पेट्यांत ओळीनं मांडतात, प्रत्येकीपाशी खोलीचा आकडा लिहितात. भूवैज्ञानिक भिंगातून त्या तपासतो. मग कांडी उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेत पाठवायची, अर्धी पेटीत जपून ठेवायची. टनभर दगडात दोन-तीन ग्रॅम सोनं निघालं तरी आनंद होतो. बहुतेक छिद्रांत तेवढंही निघत नाही. यंत्राचं भाडं, डिझेल, पगार, प्रयोगशाळेचं बिल मात्र चुकत नाही. विकायला हातात काही नसतं, म्हणजे उत्पन्न नाही. आणि नफा नसेल तर लाभांश कशातून देणार?

कायदाही इथे स्पष्ट आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १२३. लाभांश द्यायचा तो मुख्यतः नफ्यातून, आणि चालू वर्षाच्या नफ्यातून आधी मागच्या वर्षांचा तोटा भरून काढावा लागतो. दहा-पंधरा वर्षं शोधावर खर्च केलेल्या कंपनीच्या ताळेबंदात साचलेला तोटा मोठा असू शकतो. खाण सुरू झाली, पहिलं सोनं निघालं, पेढे वाटले, तरी आधी तो खड्डा बुजवायचा असतो. शिवाय खाण उपकंपनीच्या नावावर असेल, तर तिचा नफा मूळ कंपनीकडे लाभांश म्हणून यायला हवा. मग तुमची पाळी.

मग खर्च भागतो कशावर? नवे शेअर विकून. तुमच्याकडे एक लाख शेअर आहेत, कंपनीचे एकूण दहा कोटी. ते वीस कोटी झाले की, तुम्ही काहीही न करता, तुमचा वाटा निम्मा होतो. भावाच्या आलेखाकडे सगळे बघतात, या आकड्याकडे फार थोडे.

आपल्याकडचा इतिहास दोन्ही बाजू दाखवतो. १८८०च्या सुमारास वायनाड-निलगिरीच्या सोन्यासाठी लंडनमध्ये एकामागून एक कंपन्या निघाल्या, आणि भागधारकांचे पैसे देवाला-पंडलूरच्या डोंगरांत गेले. त्याच काळात कोलारला म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचंही भांडवल संपत आलं होतं, शेअर कवडीमोल झाला होता. उरलेल्या पैशांत आणखी थोडं खोल जायचं ठरलं आणि चॅम्पियन रीफ ही सोन्याची शीर लागली. तिथून पुढे लाभांशाचा पाऊसच पडला. ही गोष्ट सांगून शेअर विकणारे वायनाडचं नाव घेत नाहीत.

आजचं उदाहरण मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सचं. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या गणजूरला त्यांनी सोन्याचा साठा शोधला, पण खाणपट्टा मिळेपर्यंत कायदा बदलला. २०१५मध्ये खनिज कायद्यात लिलाव आला, आणि २०२१च्या दुरुस्तीनं जुन्या शोधकांचे प्रलंबित हक्कही संपवले. भूगर्भात सोनं असूनही वाट अडली. आंध्रच्या कर्नूल जिल्ह्यातल्या जोन्नगिरी प्रकल्पात कंपनीचा मोठा हिस्सा आहे, आणि तिथेही शोधापासून खाणीपर्यंतचा प्रवास दशकांचा झाला. भूवैज्ञानिकांच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण चिकाटीवर घरखर्च चालत नाही.

अशा कंपनीत पैसे मिळतातच, तर ते सहसा दुसऱ्या वाटेनं. कॅनडात डायमंड फील्ड्स या छोट्या कंपनीच्या शोधकांना लाब्राडोरमध्ये १९९३ साली हिऱ्यांऐवजी निकेल सापडलं, आणि १९९६मध्ये इन्को या बड्या कंपनीनं तिला सुमारे ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलरना विकत घेतलं. भागधारकांचं सोनं झालं, तेही खाण सुरू होण्याच्या कितीतरी आधी. ज्यांना खाणीतूनच लाभांश हवा, त्यांनी नागपूरच्या मॉइलकडे पाहावं. तिचं मूळ १८९६च्या एका पूर्वेक्षण सिंडिकेटमध्ये आहे, पण आज भंडारा, नागपूर, बालाघाटच्या खाणींतून मँगनीज निघतं, विकलं जातं, आणि त्यातून लाभांश मिळतो. मँगनीजचा भाव पडला की तोही कमी होऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवा.

तरीही शोधकंपनीचा शेअर हाती असेल, तर या वर्षी वार्षिक अहवालाची पानं चाळाल तेव्हा अध्यक्षांच्या पत्रापाशी थांबू नका. ताळेबंदात शिल्लक रोकड किती आणि वर्षाचा खर्च किती, ते शेजारी शेजारी लिहा. रोकड वर्षभर पुरणारी नसेल, तर नवे शेअर निघणार असं धरून चाला.