बिबट्या दिसला? ग्रुपवर टाकण्याआधी तीन प्रश्न

आजचा विषय अगदी रोजचा आहे: ग्रुपवर मेसेज टाकायचा कसा, आणि कशातून टाकायचा. म्हणाल, यात शिकण्यासारखं काय? अंगठा दाबला की गेला मेसेज. तर मग हा मेसेज ऐका.

"सावधान! आपल्या भागात बिबट्या आला आहे. रात्री बाहेर पडू नका. सर्व ग्रुपवर पाठवा."

अकोले, संगमनेर, राहुरी, कोपरगाव, कुठेही राहत असाल तर हा मेसेज तुमच्या फोनमध्ये येऊन गेलेला असणार. सोबत कुठलातरी व्हिडिओ. आता विचार करा, हा मेसेज वाचतंय कोण? ज्याच्या पिकाला या आठवड्यात रात्रीची लाईट आहे, तो. रात्री अकराला मोटर चालू करून त्याला कांद्याचं भरणं करायचंय. त्याचा प्रश्न एकच आहे: आज माझ्या वस्तीकडे धोका आहे का? आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नाही. "आपला भाग" म्हणजे कुठला? "आला आहे" म्हणजे आज, का मागच्या वर्षी?

आपल्याकडे बिबट्या आहे, ही बातमीच नाही. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० चौरस किलोमीटरमध्ये साधारण ५ मोठे बिबटे निघाले. आणि ही जागा जंगल नव्हती. शेती, ऊस, वस्त्या, आणि दर चौरस किलोमीटरला ३०० पेक्षा जास्त माणसं. म्हणजे बिबट्या शेजारीच राहतो. शेजारी नुसता असणं आणि शेजारी आत्ता आपल्या दारात असणं, यातला फरक सांगणारा मेसेज हवा.

म्हणून पाठवण्याआधी तीन प्रश्न: कुठे, कधी, कोणी पाहिलं?

"आज मंगळवार, संध्याकाळी सव्वासात. पाण्याच्या टाकीमागच्या उसात बिबट्या शिरताना मी स्वतः पाहिला. वनविभागाला फोन केलाय." बस. चार ओळी नाहीत, पण वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग कळवताना हेच करतो. "ॲप चालत नाही" एवढंच लिहिलं तर कुणीच काही करू शकत नाही.

आता साधन कुठलं वापरायचं, ते बघू.

व्हॉइस नोट पाठवायला सोपी, पण ऐकणाऱ्याला त्रासाची. दीड मिनिट ऐकल्यावर शेवटी जागा कळते, आणि नंतर शोधायची म्हटलं तर सापडत नाही. मराठी टाइप करायला कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबा आणि बोला, अक्षरं आपोआप उमटतात. ज्यांना वाचता येत नाही अशी मंडळी ग्रुपवर असतील तर व्हॉइस नोट जरूर द्या, पण जागा आणि वेळ पहिल्या वाक्यात.

लोकेशन पाठवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. घरी येऊन "करंट लोकेशन" पाठवलं तर बिबट्या तुमच्या घरात दिसणार! लाइव्ह लोकेशन तर तुमच्याबरोबरच फिरतं. नकाशावर नेमकी जागा निवडून पाठवा, आणि सोबत गावातली खूण लिहा.

फोटो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो कधी, कुठे काढला ही आतली माहिती निघून जाते. वनविभागाला ठशाचा फोटो द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शेजारी काडीपेटी ठेवून काढा, म्हणजे आकार कळतो. कुत्र्याच्या ठशात सहसा नखं उमटतात, बिबट्याच्या सहसा नाहीत. किती ठसे कुत्र्याचेच निघतील बघा.

आणि ग्रुप कुठला? सगळ्यात आधी ग्रुप नाहीच, वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन. मग गावाचा ग्रुप. लग्नाच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर नको. गावात फक्त ॲडमिन लिहू शकतील असा एक सूचनांचा ग्रुप ठेवा आणि गप्पांचा वेगळा. नाहीतर बिबट्याची खबर पन्नास "गुड मॉर्निंग" आणि पंचवीस "हॅपी बर्थडे"खाली गाडली जाते.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला? चुकीचा का असेना, लोक सावध तर होतात.

तर मग आपल्या शेजारच्या नाशिकपलीकडचा धुळे जिल्हा आठवा. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आधीपासून फोनमध्ये होते. त्यातही जागा नव्हती, वेळ नव्हती, पाहणारा नव्हता. भिक्षेकरी म्हणून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. पाच माणसं. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधला होता. मूळ फिल्ममध्ये मुलाला परत आणून सोडतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त ५ चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एका चॅटवर आली. मेसेजवर दोन बाण दिसले तर समजा, हा बऱ्याच हातांतून आलाय. कंपनी वेग कमी करू शकते. खरं-खोटं बघणं आपल्याकडेच राहतं.

बिबट्याच्या बाबतीत दुसरं नुकसानही आहे. तीनदा खोटा मेसेज आला की चौथ्यांदा खऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय. आणि त्या चौथ्या रात्री कुणीतरी बॅटरी घेऊन शेतात गेलेलं असतं.

चुकीचं काही गेलंच, तर? १५ मिनिटांत मेसेज एडिट करता येतो. पण तो पुढे फॉरवर्ड झाला असेल तर त्या प्रती तशाच राहतात. म्हणून मूळ मेसेजलाच रिप्लाय देऊन लिहा, "हे चुकीचं होतं, ते तरस होतं", आणि जिथे जिथे पाठवलं तिथे तिथे तेही पाठवा. दुसऱ्याचं चुकलं तर त्याला आधी वैयक्तिक मेसेज करा. गावातल्या थोरामोठ्या काकांना तीनशे जणांसमोर "फेक न्यूज" म्हटलं की ते मेसेज काढत नाहीत, भांडतात.

हे नियम काही नवीन नाहीत. इंटरनेटवरच्या वागणुकीची एक मार्गदर्शिका ऑक्टोबर १९९५ मध्येच निघाली, आरएफसी १८५५ नावाची. त्यात सांगितलंय, चर्चेत लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. आपण एवढं थांबणार नाही, ठीक आहे. पण एक-दोन मिनिटं?

आज एक काम करा. आपल्या गावाच्या ग्रुपच्या वर्णनात एक ओळ टाकायला ॲडमिनला सांगा: "कुठे, कधी, कोणी पाहिलं. वनविभाग १९२६." आज रात्री ज्याची लाईट आहे, त्याला ती उपयोगी पडेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!