पहिली चित्रपाटी निवडताना
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



चित्रे काढून पोट भरते काय, हा प्रश्न आपल्या घराघरांतून विचारला जातो. आपल्याच जिल्ह्यातले आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. १९३१ साली ते निवर्तले. त्यांची कोटितीर्थाची चित्रे आजही नावाजली जातात. आज पाठ्यपुस्तके, जाहिराती, कापडावरची नक्षी ही कामे बहुतांशी संगणकावर होतात. म्हणून मुलगा किंवा मुलगी ग्राफिक्स टॅब्लेट मागू लागली, तर तो हट्ट समजू नका. मात्र पैसे विचारपूर्वक खर्च करा.

ही पाटी दोन प्रकारची असते. एकीत पडदा असतो; पेन टेकते तिथेच चित्र उमटते. तिची किंमत बहुधा पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाते. दुसरी बिनपडद्याची. हात पाटीवर आणि नजर संगणकाच्या पडद्यावर. ती तीन-चार हजारांत मिळू शकते. सुरुवातीचे काही दिवस हात चुकतो, पुढे सवय होते. पहिली पाटी बिनपडद्याचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्ज काढून महागडी वस्तू घेतली, की मुलाच्या प्रत्येक रेघेकडे आपण हिशेबाच्या नजरेने पाहू लागतो.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पेन चार्जिंगविना चालणारे असावे. रेखाटनाची जागा सुमारे सहा बाय चार इंच असली तरी पहिल्या वर्षाला पुरते. दाबाच्या ८१९२ पातळ्या अशी जाहिरात असते. २०४८ असल्या तरी नवशिक्याला फरक जाणवत नाही. आणि पेनाच्या निबा झिजतात, त्या सुट्या मिळतात का, हे आधी विचारावे.

घरात संगणक नसेल, तर पाटी आपल्या मोबाईलवर चालते का, हे खोक्यावर वाचा. पुष्कळदा मोबाईलला जोडल्यावर पाटीचा थोडाच भाग कामाला येतो. शक्य असल्यास दुकानात आपलाच मोबाईल जोडून पाहावा. चंदगडहून बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ आहे. वस्तू घरपोच मागवली, तर परत घेण्याची मुदत संपण्यापूर्वी चालवून पाहा.

विद्यार्थी मित्रहो, पाटी जोडताच एक वर्तुळ काढा. ते अंड्यासारखे दिसले, तर पाटी बिघडली असे समजू नका. पाटीचे आणि पडद्याचे लांबी-रुंदीचे प्रमाण जुळलेले नसते. ते सेटिंगमध्ये जुळवता येते. चित्रांसाठी क्रिता हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. चोरीचा प्रोग्रॅम घेण्याचे कारणच नाही.

शेवटी एक विनंती. पाटी आली म्हणून कागद-पेन्सिल सोडू नका. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा कागदावरच होतात, आणि इंटरमीजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. ज्याला कागदावर घागर काढता येत नाही, त्याला पाटीवरही येणार नाही. ज्याला येते, त्याला स्वस्तातली पाटीही पुरेल. आणि पालकहो, मुलगा चांगले चित्र काढतो म्हणून पाटी आणाल, तर मुलीची वहीही एकदा उघडून पाहा.