आधी उतार मोजू, मग चाके



 परिषदेच्या अध्यक्षाने सगळ्या विषयांना हात लावावा आणि कोणाचेच मन दुखवू नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी तो बाजूला ठेवतो आणि एकाच प्रश्नावर बोलतो. शोरूमच्या दारात, बँकेच्या टेबलाशी आणि गावच्या पारावर गेली काही वर्षे हा प्रश्न सारखा कानावर येतो: डोंगरातल्या जमिनीला टू व्हील ड्राइव्ह घ्यावा की फोर व्हील?

आपल्या देशात टू व्हीलचे राज्य का झाले, हे आधी पाहू. 1959 साली फरीदाबादला आयशरचा पहिला भारतीय बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. तेव्हापासून या धंद्याचे मोठे गिऱ्हाईक मैदानातले होते. सपाट, लांबलचक शेते आणि वर्षातले कित्येक दिवस ट्रॉली ओढण्याचे काम. त्या कामाला मागची दोन मोठी चाके पुरेशी होती. त्यात हॅरी फर्ग्युसनच्या तीन बिंदूंच्या जोडणीमुळे नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊ लागला आणि हलका ट्रॅक्टरही चांगला ओढू लागला. टू व्हील ट्रॅक्टर म्हणजे मागासलेले यंत्र, असा समज कोणी करून घेऊ नये. सपाट जमिनीवर तो आजही किफायतशीर आहे.

घोडे अडते ते सह्याद्रीत. इथे शेत म्हणजे बांधावर बांध रचलेली खाचरे, वर नाचणी-वरीची वरकस जमीन, खाली ओढ्याकाठचा गाळ आणि या सगळ्यांना जोडणारी जांभ्याची निसरडी पाणंद. 2015-16च्या कृषी गणनेनुसार राज्यातले सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर. डोंगरात तेही एका जागी नसते. अशा ठिकाणी मैदानातला हिशेब लागू पडत नाही.

मग हिशेब कसा करायचा? कागद-पेन्सिलीनेच करू. दोन टन वजनाचा ट्रॅक्टर धरा. टू व्हील ट्रॅक्टरचे साधारण 65 टक्के वजन मागच्या चाकांवर असते, म्हणजे 1300 किलो. ओल्या मातीत चाकाला त्याच्यावरील भाराच्या ढोबळमानाने 40 टक्के पकड मिळते, असे समजू. आता 10 अंशांचा चढ घ्या. ट्रॅक्टरला स्वतःलाच वर चढवायला सुमारे 350 किलोचा जोर खर्ची पडतो. चढावर थोडे वजन मागे सरकते, ते जमेस धरले तरी अवजार ओढायला टू व्हीलकडे उरतो सव्वादोनशे किलोच्या आसपास जोर. फोर व्हीलमध्ये दोन्ही टनांची पकड कामी येते आणि साधारण 440 किलो उरतात. अश्वशक्ती तीच, ओढ मात्र दुप्पट. चढाचा निकाल इथे लागतो आणि तो फोर व्हीलच्या बाजूने लागतो. यात वादाला जागा नाही.

पण शेतकरी फक्त चढत नाही. चढलेला ट्रॅक्टर उतरावाही लागतो. आपल्या चर्चेत नेमका हाच भाग गळतो.

तोच ट्रॅक्टर, तोच 10 अंशांचा रस्ता, आता उताराला आहे. मागे मालासह तीन टनांची ट्रॉली आणि ट्रॉलीला ब्रेक नाही. एकूण पाच टन वजन खाली ढकलू पाहते, तो रेटा भरतो जवळपास 870 किलो. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक असतात मागच्या चाकांना. उतारावर वजन पुढे सरकते, म्हणजे ज्या चाकांना ब्रेक आहे तीच हलकी होतात. टू व्हील ट्रॅक्टर ओल्या रस्त्यावर फार तर साडेचारशे किलोचा रेटा थोपवील. फोर व्हील टाकलेला असेल तर मागच्या ब्रेकचा जोर शाफ्टमधून पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो आणि चारही चाके रोखू लागतात. तरीही हिशेब येतो 790 किलोच्या आसपास. म्हणजे 870 किलोपुढे तोही हरतो! ट्रॉली मालासह दीड टनावर आणली, तर रेटा 610 किलोपर्यंत उतरतो. तिथे फोर व्हील थांबतो, टू व्हील थांबत नाही.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, डोंगरात फोर व्हीलची खरी किंमत नांगरटीपेक्षा उतरताना वसूल होते. दुसरी, ट्रॉली अर्धी भरणे आणि ट्रॉलीला ब्रेक बसवणे या दोन गोष्टींना चार चाकांची ओढही पर्याय होऊ शकत नाही. ज्या चालकांना सवय असते की चढ आला की फोर व्हीलचा दांडा टाकायचा आणि माथ्यावर पोहोचले की काढायचा, त्यांनी ती सवय आजच बदलावी. उतार संपेपर्यंत दांडा काढू नये. हलका गिअर माथ्यावरच टाकावा, दोन्ही ब्रेकचे पेडल एकत्र जोडावेत आणि मध्येच क्लच दाबून न्यूट्रलचा मोह धरू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. डोंगरात ट्रॅक्टर फक्त मागे-पुढे घसरत नाही, आडवाही कलंडतो. कलंडणे ठरते तीन गोष्टींवर: चाकांमधले अंतर, गुरुत्वमध्याची उंची आणि जमिनीचा कल. डोक्यावर हंडे घेऊन पाणंदीने उतरणारी बाई पाय फाकून टाकते, त्यामागे हेच शास्त्र आहे. या तिन्हींशी चार चाकांच्या ओढीचा काहीही संबंध नाही. उलट एक बारकावा बघा. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका पिनेवर डोलतो, टू व्हीलचाही आणि फोर व्हीलचाही. तो अडेपर्यंत ट्रॅक्टर चार पायांवर नव्हे, तीन बिंदूंवर उभा असतो: मागची दोन चाके आणि पुढची ती पीन. 15 अंशांच्या आडव्या उतारावर खालच्या बाजूचे मागचे चाक 20 सेंटिमीटर खड्ड्यात गेले आणि दोन चाकांत 1.3 मीटर अंतर असले, तर कल एकदम 24 अंशांच्या घरात जातो. त्यात रोटाव्हेटर उचललेला आणि वळण चढाच्या दिशेने. मग उरते ती फक्त बातमी.

फोर व्हीलचा धोका इथे आहे. टू व्हील जिथे चाक फिरवून हात टेकतो आणि चालकाला सावध करतो, तिथून फोर व्हील निमूटपणे आणखी वर जातो. ज्या जागी जायलाच नको होते, तिथे तो नेऊन ठेवतो. म्हणून डोंगरात फोर व्हीलबरोबर संरक्षक चौकट, म्हणजे रोल बार, आणि सीटबेल्ट हवाच. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरना अशी चौकट 1959 सालीच सक्तीची केली आणि पुढे तिथले कलंडून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर आजही चौकटीविना धावतात. हौसेने बसवलेले पत्र्याचे छप्पर सावली देते, ट्रॅक्टरचे वजन पेलत नाही. आणि चौकट नसेल तर पट्टा बांधू नये, हेही सांगून ठेवतो. दोन्ही मिळूनच जीव वाचतो.

मग टू व्हील कोणी घ्यावा? ज्याची बहुतेक जमीन दरीच्या तळाशी सपाट आहे, ज्याचे निम्म्याहून अधिक काम डांबरी रस्त्यावरच्या वाहतुकीचे आहे, त्याने खुशाल टू व्हील घ्यावा. आधी डिफरेन्शियल लॉक वापरायला शिकावे, मागच्या टायरात पाणी भरावे, पुढे वजने लावावीत. एक चाक चिखलात नुसते फिरते आणि दुसरे स्वस्थ बसते, हे दुखणे पुष्कळदा लॉकनेच बरे होते. त्यासाठी लाखभर रुपये जादा मोजण्याची गरज नसते. वळायलाही टू व्हील बरा. एका बाजूचा ब्रेक दाबून तो चिंचोळ्या खाचरात जितका आखूड वळतो, तितका फोर व्हील सहसा वळत नाही.

फोर व्हील घेणाऱ्याने पुढच्या टायरांचे गणित समजून घ्यावे. फोर व्हीलमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील, अशी गिअरची रचना असते. पुढचे टायर झिजले किंवा गावात मिळतील त्या मापाचे बसवले, की हा मेळ बिघडतो आणि ओढ आतल्या गिअरवर बसते. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून पळवणाऱ्याचेही तेच होते. मग मेकॅनिकच्या नावाने बोटे मोडून उपयोग नाही.

सुदैवाने आता लहान फोर व्हील आले आहेत. व्हीएसटी, कुबोटा, महिंद्राचा जिवो, 2023 साली आलेली ओजा मालिका, अशी 20 ते 30 अश्वशक्तीच्या आसपासची यंत्रे आपल्या खाचरांना मानवतात. पण दुरून डोंगर साजरे, तसे जाहिरातीतले ट्रॅक्टरही साजरेच. विक्रेत्याकडे मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. त्यात ओढ, गुरुत्वमध्य, वळण, ब्रेक सगळे छापलेले असते. आणि तीन-चार मीटर रुंदीच्या खाचरात दोन्ही ट्रॅक्टर विसरून पॉवर टिलर धरा. तिसरा पर्याय सुचवण्यात कमीपणा कसला?

एक इशारा जमिनीच्या वतीने. फोर व्हील हाती आला की तीव्र उतारही नांगरावासा वाटतो, तोही वर-खाली. असा प्रत्येक तास पावसाळ्यात पाण्याची वाट होतो आणि माती ओढ्याला लागते. नांगरट समपातळीवरच हवी. जिथे आडवे चालणे यंत्राला धोक्याचे, ती जमीन नांगराखाली आणूच नये, तिथे काजू, आंबा, बांबू किंवा गवत बरे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले, 151 माणसे गेली. त्यानंतर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर पुष्कळ चर्चा झाली. कारणांबद्दल मतभेद असोत, डोंगराला कुठवर छेडावे याचा विचार यंत्र घेण्याआधी व्हावा, एवढे तरी आपण त्यातून शिकावे.

माझा निकाल असा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणच्या उतारांवर नवा ट्रॅक्टर घ्यायचा, तर 30 अश्वशक्तीच्या आतला, बुटका, चाकांत रुंद अंतर असलेला, रोल बारसह फोर व्हील घ्यावा. एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून किंवा गटाच्या अवजार बँकेतून. सपाटीच्या आणि रस्त्याच्या कामाला टू व्हील पुरे.

कंपन्यांना विनंती, डोंगरी तालुक्यांत विकल्या जाणाऱ्या लहान फोर व्हीलवर रोल बार जादा पैशांचा पर्याय म्हणून ठेवू नका, मूळ किमतीतच द्या. शासनाला विनंती, यांत्रिकीकरणाच्या अनुदानाला या भागात रोल बारची अट घाला आणि ट्रॉलीच्या ब्रेकलाही अनुदान द्या. विद्यापीठांनी आपल्या उतारांवर, आपल्या पावसात चाचण्या घ्याव्यात आणि निष्कर्ष मराठीत छापावेत.

आणि शेतकरी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे. इसार देण्यापूर्वी गवंड्याची पाणीनळी घेऊन शेतातला आणि पाणंदीतला सर्वांत वाईट उतार मोजा. आडव्या 10 मीटरना पावणेदोन मीटर घसरण म्हणजे 10 अंश, 2.7 मीटर म्हणजे 15. तो आकडा कागदावर लिहून शोरूममध्ये जा आणि विक्रेत्याने काही बोलायच्या आत त्याच्यासमोर ठेवा.